बदलीच्या ओन्नेनबाई

विद्यापीठाच्या तासांच्या यादीत वीबके ओन्नेनचं नाव नसायचं. विषय असायचा, खोली असायची, वार असायचा, आणि शिकवणाऱ्याच्या रकान्यात नुसती दोन अक्षरं: एन. एन. जागा रिकामी असली की असंच छापतात. नाव नंतर कळवू, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्याच तासाला एका नव्या पोराने भाबडेपणाने विचारलं होतं, "एन. एन. बाई तुम्हीच का?" वर्ग हसला. तीही हसली, कारण पोराचं काही चुकलं नव्हतं.

ती बदलीवरची बाई होती. कुठे प्राध्यापक निवृत्त झाला, कुठे आजारी पडला, कुठे मंत्रालयात सल्ले द्यायला गेला, की त्याची खुर्ची भरेपर्यंत तिथे वीबके. दक्षिणेत डोंगरातल्या एका गावी, मग ऱ्हाइनकाठी, मग पोलंडच्या सीमेपाशी, आणि आता बाल्टिकच्या किनाऱ्यावर, जिथे वारा माणसाला रस्ता ओलांडू देत नाही. घर ब्रेमेनला. मंगळवारी पहाटे निघायचं, गुरुवारी परतायचं, आणि मध्ये गाडी चुकली तर फलाटावर उभ्याने पावातला खारा हेरिंग मासा खायचा. दर गावी परक्याचं टेबल, परक्याची पुस्तकं, परक्याच्या कुंड्या. कुंड्यांना पाणी घालायचं काम कुणी सांगितलेलं नसायचं, पण डोळ्यांदेखत रोप वाळू द्यायचं म्हणजे जिवावर येतं.

शिक्षणात ती कुठे कमी पडली होती असं नाही. कायद्याच्या दोन्ही सरकारी परीक्षा दिल्या, डॉक्टरेट झाली, त्यानंतरचा तो दुसरा मोठा प्रबंधही लिहिला, ज्यात माणसाची तिशी संपते आणि चष्म्याचा नंबर वाढतो. तो लिहिला की प्राध्यापकीला बोलावलं जाण्याचा हक्क मिळतो. बोलावणं मिळत नाही, हक्क मिळतो. आणि तो शाबूत राहावा म्हणून मूळ विद्यापीठात दर वर्षी एक विषय फुकट शिकवावा लागतो. नाही शिकवला तर हक्कही गेला. असला हक्क दुसऱ्या कुठल्या धंद्यात असेल तर मला ठाऊक नाही. वीबकेने तो बरीच वर्षं इमानाने सांभाळला होता, आणि सांभाळता सांभाळता पन्नाशी मागे टाकली होती.

थकवा तिच्या चेहऱ्यावर नव्हता, चालीत होता. जिना चढताना ती मधल्या वळणावर थांबायची आणि खिडकीतून काहीतरी बघितल्यासारखं करायची. खिडकीबाहेर सायकलींच्या मांडवाशिवाय काही नव्हतं.

शिकवताना मात्र बाई वेगळी असायची. तिच्या चर्चासत्राचा विषय होता प्रशासन, राज्यघटना आणि नवे प्रयोग. सरकारला हल्ली प्रयोगांची फार हौस. कायद्यातच एक कलम घालतात, की अमुक भागात अमुक वर्षं हा नियम बाजूला ठेवून नवी गोष्ट करून बघता येईल. तर एका जिल्ह्याने, असं तिने मुलांना उदाहरण दिलं, चालकाशिवाय धावणारी छोटी बस सुरू केली. ती आडबाजूच्या शेतघरांतल्या म्हाताऱ्यांना दारातून घेऊन जाते. पण कुणाच्या दारात यायचं आणि कुणाच्या नाही, हे ठरवतो एक प्रोग्राम. एका आजीला तो म्हणाला, नाही. चालेल का?

"चालेल की," मालटे म्हणाला. हा मालटे उरलेल्या वेळात एका नव्या कंपनीत काम करायचा आणि ते त्याच्या बुटांवरूनही कळायचं. "बाई, यंत्र थकत नाही. मंगळवारी सकाळी वागतं तसंच शुक्रवारी दुपारी वागतं. आमच्या जिल्ह्याच्या कचेरीत शुक्रवारी दुपारी जाऊन बघा एकदा."

"शुक्रवारी दुपारी तिथे कुणी भेटलं तुला?" रोन्या म्हणाली. ती पहिल्या बाकावर बसायची आणि विद्यार्थ्यांची प्रतिनिधी होती. "नशीबवान आहेस."

"थट्टा नको. माणूस ओळखीचा असेल तर बस मिळते. यंत्राला मावसभाऊ नसतो."

"यंत्र विकणाऱ्याला असतो ना! तू त्याच्याकडेच कामाला आहेस."

वर्ग हसला. वीबकेने हसू दिलं आणि मग खडू उचलला. फळ्यावर तिने दोनच शब्द लिहिले. एक, 'द्यावीच'. दुसरा, 'देता येईल'.

"कायदा 'द्यावीच' म्हणतो तिथे यंत्राने दिली तरी माझं काही म्हणणं नाही," ती म्हणाली. "पण या कलमात काय लिहिलंय? 'देता येईल'. या 'येईल'मध्ये एक माणूस बसलेला आहे. त्याच्याकडे कायद्याने तारतम्य सोपवलंय. त्याला तिथून उठवायचं असेल तर संसदेने उघडपणे शब्द बदलावा. बस विकणाऱ्याने नाही, आणि कंटाळलेल्या जिल्हाधिकाऱ्याने तर नाहीच."

मग तिने तारतम्याची तीन पापं सांगितली, जी ती दर वर्षी सांगायची. हद्द ओलांडून वापरणं. भलत्याच हेतूने वापरणं. आणि तिसरं, वापरायचंच विसरणं: अधिकाऱ्याला वाटतं आपल्या हातात काही नाहीच, समोर आलं त्यावर सही करायची. परीक्षेत हे तिसरं हमखास विचारतात आणि निम्मी मुलं हमखास ते लिहीत नाहीत.

"पण बाई," मालटे सहजासहजी सोडणारा नव्हता, "घटनेला माणूसच का हवा? तो चुका करतो म्हणून?"

वीबकेकडे या प्रश्नाचं उत्तर होतं. पण ती त्या दिवशी इतकी दमली होती, की "पुढच्या मंगळवारी बोलू," असं म्हणून तिने फळा पुसला. मुलांनी रिवाजाप्रमाणे बोटांच्या पेरांनी बाकं वाजवली. इथे टाळ्या वाजवत नाहीत, लाकूड ठोकतात.

त्याच वसंतात त्या खुर्चीची जाहिरात आली. सार्वजनिक कायदा आणि नव्या प्रयोगांचा कायदा, असा विषय. ज्या खोलीत ती दीड वर्ष दुसऱ्याच्या कुंड्यांना पाणी घालत होती, तीच खुर्ची. आणि हे शेवटचं होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ठरावीक वयानंतर सरकार नव्याने कायम करून घेत नाही. तिची ती मुदत जेमतेम उरली होती. या खेपेला बोलावलं नाही तर पुढे कुणीच बोलावणार नव्हतं, मग बदल्या तेवढ्या उरल्या, त्याही मिळतील तोवर.

मोठी बहीण गेशे दर रविवारी फोन करायची. ती पश्चिम किनाऱ्यावर माहेरच्या गावी सुट्टीच्या पाहुण्यांना खोल्या भाड्याने द्यायची आणि जगातल्या सगळ्या गोष्टी तिला पाहुण्यांसारख्या वाटायच्या, आज ना उद्या जाणाऱ्या.

"अगं बये, दीड वर्ष राबतेस तिथे. कायम करणार की नाही, एकदाचं तोंड उघडून विचार ना त्यांना."

"विचारायचं नसतं, गेशे. अर्ज करायचा, बोलावलं तर गाऊन दाखवायचं आणि गप्प बसायचं."

"गाऊन? तुला तर चर्चच्या गाण्यात मागच्या रांगेतही उभं करत नव्हते."

"नावच आहे ते. निवड समितीपुढे व्याख्यान द्यायचं असतं, त्याला म्हणतात."

"मग बरं. नाहीतर गेलीच होती जागा."

वीबकेने गाऊन दाखवलं. समितीचा अध्यक्ष होता प्राध्यापक एकेहार्ड वुल्फहोर्स्ट, राज्यघटनेचा दांडगा माणूस, भुवया दाट, आवाज मऊ. आयुष्यभर मूलभूत हक्क शिकवून तो आता निवृत्तीला आला होता. बाकीचे प्राध्यापक ओळीने बसले होते, टोकाला विद्यार्थ्यांची प्रतिनिधी म्हणून रोन्या, ताठ आणि घाबरलेली. व्याख्यानाचा विषय वीबकेनेच निवडला होता: मालटेचा प्रश्न. घटनेला माणूस का हवा?

तिने पहिली दहा मिनिटं निवाडे सांगितले, कारण ते सांगावे लागतात. मग कागद बाजूला ठेवला आणि वडिलांबद्दल बोलली. वडील जिल्हा कचेरीत शिंपल्यांच्या मासेमारीचे परवाने द्यायचे. कायदा म्हणायचा, देता येईल. त्यांच्या मुलखात चहा कुणी ढवळत नाही. तळाशी खडीसाखर, वर चहा, त्यावर साय. प्यायचा तो तसाच, म्हणजे गोडवा शेवटच्या घोटाला येतो. ढवळणारा माणूस अडाणी किंवा परगावचा. पण कधी कधी संध्याकाळी वडील चमचा घेऊन कप ढवळत बसायचे, साखर विरघळून चहा गार झाला तरी. तेव्हा आई मुलींना म्हणायची, आज त्यांना काही मागू नका, उद्या कुणालातरी नाही म्हणायचंय.

"अशाच एका मच्छीमाराला परवाना मिळाला नाही," वीबके समितीला म्हणाली. "त्याचं नुकसान झालं, कदाचित चूकही झाली असेल. पण त्याला नाही म्हणताना दुसऱ्या कुणाचातरी चहा गार झाला होता. यंत्र बरोबर ठरवेल किंवा चुकीचं, तो मुद्दाच नाही. ज्याला माझ्याबद्दल ठरवण्याचा त्रास होतो, अशानेच माझ्याबद्दल ठरवावं. माणसाची प्रतिष्ठा अबाधित आहे, असं आपण घटनेच्या पहिल्या ओळीत लिहिलंय. माझ्या मते तिचा कचेरीतला अर्थ हा आहे."

वुल्फहोर्स्टने भुवया उंचावल्या. "आणि त्रास होतच नसेल तर? नाही म्हणून घरी जाऊन गाढ झोपणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिलेत."

"मीही पाहिलेत. पण त्यांना निदान विचारता तरी येतं, अहो, तुम्हाला झोप लागते कशी?"

समितीने बाकं वाजवली, आणि नुसती रीत म्हणून नाही. वीबके बाहेर आली. कितीतरी वर्षांनी तिला वाटलं, की झालं, पोहोचलो आपण. आशा ही थकलेल्या माणसाला परवडत नाही, पण तिला त्या दिवशी ती वाटली आणि तिने वाटू दिली.

फोन आला शुक्रवारी, ती ब्रेमेनला पडदे धूत असताना. वुल्फहोर्स्ट स्वतः होता.

"ओन्नेनबाई, तुम्ही यादीत दुसऱ्या आहात. म्हणजे अभिनंदनच म्हणायचं, दुसरं स्थान काही कमी नाही. पहिले टिलमान आलर्स."

"चांगला माणूस आहे," ती म्हणाली. तिला हेच वाक्य सापडलं. मग नुसतं सौजन्य म्हणून तिने पुढचा प्रश्न विचारला: "समितीला फार वेळ बसावं लागलं असेल?"

"छे हो! या वेळी अर्ध्या तासात मोकळे." त्याच्या आवाजात चक्क कौतुक होतं. "विद्यापीठाने ते नवीन साधन घेतलंय ना, प्रयोगाच्या कलमाखाली. बाहेरच्या तज्ज्ञांचे अभिप्राय, पुस्तकं, व्याख्यानाचे गुण, सगळं आत घातलं की यादी क्रमाने बाहेर येते. सगळ्यांना गाड्या गाठायच्या होत्या, सत्र संपत आलेलं, सगळे दमलेले. क्रम बघितला, बरा वाटला, तसाच ठेवला. चर्चेत भांडणं नाहीत, काही नाही. आपल्या शाखेने पहिल्यांदा वापरलं, कुलगुरूही खूश आहेत. तुमच्या व्याख्यानाची आठवणही काढली हो कुणीतरी, यंत्र आणि माणूस वगैरे."

वीबकेने फोन ठेवला आणि ओले पडदे हातात तसेच धरून उभी राहिली. तिसरं पाप. घटना शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने ते मऊ आवाजात, हौसेने, फोनवरून सांगितलं होतं आणि त्याला पत्ताही नव्हता. प्राध्यापक निवडणं म्हणजे निखळ तारतम्य. ते समितीला दिलेलं, आणि समितीने ते वापरलंच नाही, कारण समिती दमली होती. हे शेवटचं तिला जास्त लागलं. ठरवायला दमणारा माणूसच हवा, असं ती त्यांच्यापुढे उभी राहून सांगून आली होती. आणि दमलेल्या माणसांनी पहिली संधी मिळताच ओझं उतरवून ठेवलं.

ज्याची निवड होते त्याला लगेच नेमत नाहीत. मागे राहिलेल्यांना कोर्टात जायचं तर जाता यावं म्हणून काही आठवडे थांबतात. त्या आठवड्यांत टिलमान आलर्सचा फोन आला. तरुण, हुशार आणि सभ्य माणूस. सभ्य नसता तर वीबकेला सोपं गेलं असतं.

"ओन्नेनबाई, विचारू नये असं काहीतरी विचारतोय. तुम्ही दावा करणार आहात का? मुलीला तिकडच्या शाळेत घालायचंय, घराचं नक्की करायचंय."

"तुम्हाला कळलं वाटतं, यादी कशी झाली ते."

"सगळ्यांना कळलंय. वुल्फहोर्स्ट सगळ्यांना कौतुकाने सांगतायत." मग तो म्हणाला, "खरं सांगू? तुमच्या जागी मी असतो तर दावा केला असता."

"मग विचारताय कशाला?"

"बायको म्हणाली, विचार."

दोघंही हसली. मग वीबके म्हणाली, "घराचं थोडं थांबा," आणि हे म्हणताना तिला कळलं की आपलं ठरलंय.

गेशेला ते पटलं नाही. "कोर्टातून ओढून आणलेल्या खुर्चीवर बसवेल का तुला?"

"कोर्ट खुर्ची देत नाही. कोर्ट एवढंच म्हणेल, परत बसा आणि नीट विचार करा."

"एवढ्यासाठी वकील, तारखा, सगळ्यांशी वैर? अगं, तुला दम लागतो हल्ली. मला फोनवरही ऐकू येतो."

"एवढ्यासाठीच," वीबके म्हणाली.

हे पुरतं खरं नव्हतं. तिला खुर्ची हवी होती, फार हवी होती, आणि नीट विचार केला तर ती आपल्यालाच देतील असं तिला मनातून वाटत होतं. तत्त्वासाठी भांडणारी माणसं बहुधा स्वतःसाठीही भांडत असतात. त्यात लाज वाटावी असं काही नाही, पण ते कबूल करत नाहीत, एवढंच.

दावा दाखल झाला आणि शाखेतली हवा पालटली. चहा-कॉफीच्या खोलीत ती शिरली की बोलणं हवामानावर यायचं, आणि बाल्टिकच्या हवामानावर बोलण्यासारखं असतं काय? वारा आहे. गंमत म्हणजे तिच्या दाव्यामुळे खुर्ची रिकामी राहिली, आणि रिकाम्या खुर्चीवर कुणीतरी बदलीला हवंच होतं. अधिष्ठात्याने सगळीकडे फोन फिरवले, सत्राच्या तोंडावर कुणी मिळेना, शेवटी कपाळाला हात लावून त्याने वीबकेलाच मुदतवाढ दिली. म्हणजे आठवड्यात तीन दिवस ती विद्यापीठासाठी शिकवायची आणि उरलेले दिवस विद्यापीठाविरुद्ध लिहायची. तासांच्या यादीत पुन्हा तीच दोन अक्षरं.

रोन्या एकदा तासानंतर मागे राहिली. समितीतलं बाहेर बोलायचं नसतं, म्हणून तिने नुसतं एवढंच म्हटलं, "बाई, मी तेव्हा बोलले नाही. मला वाटलं, एवढी मोठी माणसं आहेत, त्यांना माहीत असेल."

"तुला गाडी गाठायची होती का?"

"नाही. मी इथेच राहते, चालत येते."

"मग तू बोलायला हवं होतंस."

पोरीचे डोळे भरले. वीबकेला जिन्याच्या वळणावर फार वाईट वाटलं. तिला वाटलं, परत जावं आणि सांगावं, की तुझ्या वयात मीही बोलले नसते. पण वर चढून जायचा जोर नव्हता, आणि गाडी गाठायची होती.

हिवाळ्यात निकाल लागला. प्रशासकीय कोर्टाने मोजक्या ओळींत म्हटलं, की ज्यांच्यावर निवड सोपवली त्यांनी ती केलीच नाही. साधनाने दिलेला क्रम उचलला. प्रयोगाच्या कलमाखाली हे बसत नाही. समितीने पुन्हा बसावं आणि स्वतः ठरवावं. वीबके जिंकली. चर्चासत्रात मुलांनी आपण होऊन बाकं वाजवली, मालटेनेसुद्धा, आणि तिने हात वर करून त्यांना थांबवलं, पण चेहरा काही तिला आवरता आला नाही.

समिती परत बसली. या वेळी साधन नव्हतं. गुरुवारी दुपारी बसली ती दिवे लागले तरी उठली नाही. शुक्रवारी सकाळी पुन्हा बसली. वीबके मुद्दाम गावातच थांबली होती. दुपारी ती खोलीत सामान आवरत असताना दार वाजलं. वुल्फहोर्स्ट आत आला. फोन करून भागलं असतं, पण तो चार जिने चढून आला होता. दाढी केलेली नव्हती. मऊ आवाज बसला होता. तो टेबलापाशी उभा राहिला आणि वीबकेकडे बघेना, तेव्हाच तिला कळलं.

"तिसऱ्या," तो म्हणाला. "आलर्स पहिलेच आहेत. दुसरी म्युनिकची बाई. तुम्ही तिसऱ्या."

यंत्राने तिला दुसरी ठेवलं होतं. वीबकेने कोटाची घडी घालायला घेतली आणि ती चुकली, म्हणून पुन्हा घातली.

"व्याख्यान?" तिने विचारलं.

"सगळ्यात चांगलं होतं. दोन्ही दिवस सगळे तेच म्हणत होते. रोन्या तर तुमच्यासाठी आमच्या अंगावर धावून आली. मला वाटलं नव्हतं ती एवढी बोलेल." त्याने भुवयांवरून हात फिरवला. "तुम्हाला वर ठेवायचं की खाली, यावर बरोबरी झाली शेवटी. माझ्या मतावर आलं. आणि मी तुमच्या विरुद्ध दिलं."

"का?"

"हे मी बोलायला नको. कागदावर वेगळं लिहिलंय, संशोधनाची पुढची दिशा वगैरे. उद्या तुम्ही हे कोर्टात सांगितलंत तर मी संपलो, आणि तुम्ही परत जिंकाल. तरी सांगतो, कारण तुम्हाला कारण कळायला हवं." मग पहिल्यांदा त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही थकला आहात, बाई. जिन्याच्या वळणावर तुम्ही थांबता. मंगळवारी तुम्ही येता तेव्हाच तुमचा गुरुवार झालेला असतो. ही खुर्ची नव्याने उभी करायचीय, पोरं जमवायचीत, पैसे मागत फिरायचंय. तुम्हाला आम्हीच थकवलं, हे कळतं मला. एवढी वर्षं या गावाहून त्या गावाला. आम्हीच थकवलं, आणि आता म्हणतोय, थकला आहात म्हणून नको. रात्रभर मी हेच उलटंसुलटं करत होतो. अन्याय आहे. पण कारण खरं आहे."

वीबकेने कोटाची घडी पिशवीत ठेवली. तिला राग यायला हवा होता आणि तो कुठेतरी खाली होताही, पण वर यायला त्याला जोर नव्हता. या माणसाने तिला नाकारण्याआधी नीट पाहिलं होतं. इतक्या वर्षांत, इतक्या समित्यांत, असं कुणी पाहिलं नव्हतं. सगळ्यांनी सभ्य पत्रं पाठवली होती. तिने भांडून जे मागितलं होतं ते कोर्टाने दिलं होतं, आणि ते आता दाढी न करता तिच्यासमोर उभं होतं. तिला ते इतकं दुखेल असं वाटलं नव्हतं.

"झोपला नाहीत?" तिने विचारलं.

"नाही."

"घरी जा. झोपा थोडं."

तो दारापर्यंत गेला आणि परत वळला. "दावा करणार?"

"नाही," वीबके म्हणाली. "थकलेय ना मी. बरोबर बघितलंत तुम्ही."

वुल्फहोर्स्ट जिना उतरून गेला. वीबकेने तोंड धुतलं आणि पिशवी उचलली. खाली वर्गात परीक्षेच्या तयारीचा जादा तास लावलेला होता, मुलं केव्हाची येऊन बसली होती, आणि निम्म्यांना अजून तिसरं पाप येत नव्हतं.